अपाकुकीच्या घराचा कोबा

अपाकुकीला नाही म्हणता येत नाही, हे आमच्या नाइवी गावात शेंबड्या पोरांनाही माहीत होतं. दारात येऊन बसायचं, मान खाली घालायची आणि म्हणायचं, ‘केरेकेरे’. म्हणजे, दे बाबा, तुझ्यापाशी आहे आणि मला हवंय. असं मागितलेलं नाकारायचं नाही, ही आमची रीत. पण रीत पाळायच्याही तऱ्हा असतात. मागणारा लांबून येताना दिसला की शहाणी माणसं कोंबड्या मागच्या अंगाला हाकलतात, नवा कोयता चटईखाली सरकवतात. अपाकुकी मात्र त्याला हाक मारून आत बोलवायचा. त्याची होडी अशीच गेली, ती अजून समुद्रात फिरते, दुसऱ्याच्या नावाने. करवत गेली. रविवारचा कोट तर चर्चमध्ये इतक्या जणांच्या अंगावर दिसला, की पाद्रीबाबांनी कोटावरून माणूस ओळखणं सोडून दिलं. बायको सेरेइमा होती तोवर ती दाराशी ठाण मांडून बसायची आणि मागणाऱ्याला गप्पांत असं गुंतवायची की तो काय मागायला आला होता हेच विसरायचा. ती गेली आणि दार मोकळं झालं.

ती गेल्यापासून अपाकुकी एकटाच राहत होता. सकाळी डोंगरउतारावरच्या शेतात डालोच्या कंदांना माती लावायची, दुपारी घरात आडवं व्हायचं, संध्याकाळी चर्चपुढच्या आंब्याखाली यांगोनाच्या मुळीचं पेय प्यायला जायचं. त्यात एक दिवस घराला ओल आली.

आधी चटईची कड काळी पडली. मग पायाला गारवा लागायला लागला. स्वयंपाकाच्या नळाला पाणी कमी आणि जमिनीत जास्त, असं झालं. अपाकुकी रोज चटई उचलायचा, उन्हात घालायचा, संध्याकाळी परत अंथरायचा. ‘घराला घाम येतोय,’ असं त्याने लोकांना सांगितलं. शेवटी सोमोसोमोहून सुरुजपाल नळवाला आला. त्याचा आजा ऊस तोडायला या बेटांवर आला होता, आणि हा नातू जगातली एकही गोष्ट तक्रार केल्याशिवाय करत नसे. त्याने गुडघ्यावर बसून कोब्याला कान लावला, इकडे सरकला, तिकडे सरकला आणि म्हणाला, “इथं. जमिनीच्या पोटात दुखतंय.”

मग छिन्नी आणि हातोडा. घराच्या मधोमध, माणूस आडवा निजेल एवढा कोबा त्याने फोडला. खालचा नळ हाताला लागला तो बिस्किटासारखा कुस्करलाच.

“काका, समुद्राची वाळू घातलीत ना कोब्यात?”

“घाई होती रे,” अपाकुकी म्हणाला. “लग्न होतं.”

“कुणाचं?”

“माझंच.”

सुरुजपालने कपाळाला हात लावला. “अख्खं बेट हेच करतं. नदी वर डोंगरात आहे ना, चढायला नको. समुद्र दाराशी आहे, भरा टोपल्या! अहो, त्या वाळूत मीठ असतं. तुम्ही लग्नात जेवून मोकळे झालात, हे मीठ इतकी वर्षं तुमचा नळ खात बसलं.”

खरं होतं ते. तो कोबा एका दिवसात झाला होता. बायकांनी नारळाच्या झावळ्यांच्या टोपल्यांतून किनाऱ्यावरची वाळू आणली होती, गाणी म्हणत, एकमेकींना ढकलत. नवरी असून सेरेइमाही ओळीत होती. तिची टोपली गळकी होती, आणि किनाऱ्यापासून दारापर्यंत तिच्यामागे वाळूची बारीक रेघ उमटली होती. अपाकुकीने ती रेघ तेव्हा पाहिली होती आणि कुणालाही पुसू दिली नव्हती; पुढे पावसानेच पुसली.

सुरुजपालने नवा प्लास्टिकचा नळ टाकला, जोडला, पाणी सोडून पाहिलं. गळती थांबली. “कोबा तुमचा तुम्ही भरा, माझी बस जाईल,” तो म्हणाला. “आणि वाळू धुऊन घ्या या खेपेला. का आणखी एक लग्न काढलंय?”

त्याच संध्याकाळी सिडनीहून उनाईसीचा फोन आला. उनाईसी ही अपाकुकीची एकुलती एक मुलगी. तिकडे म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमात ती कामाला होती. त्यांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं. आवाज मोठा आणि मन त्याहून मोठं, पण आवाज आधी ऐकू यायचा.

“ता, घरात खड्डा आहे म्हणे!”

“कोण म्हणालं?”

“सगळं गाव म्हणतंय. लोआताआत्याने फोटो पाठवला. ता, तू त्यात पडलास तर? मोडलास तर? कोण उचलणार तुला?”

“मी कशाला पडतोय? मला ठाऊक आहे खड्डा कुठे आहे ते.”

“ऐक माझं. नेमानीकाका गेल्याच्या शंभराव्या रात्रीच्या विधीला मी येतेय. सिमेंट मी इथून दुकानात सांगते, तुझ्या दारात येऊन पडेल. तो कोबा भर. मी आले आणि घर नीट दिसलं, तर एक शब्द बोलणार नाही. पण खड्डा दिसला ना ता, तर येताना एकटी आले तरी जाताना एकटी जाणार नाही.”

अपाकुकी ‘बरं’ म्हणाला. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवल्यावर मात्र तो खड्ड्याच्या कडेला जाऊन बसला. सिडनी त्याने एकदा पाहिली होती. लेकीच्या घरात पायाखाली मऊ गालिचा होता, आणि जमीन कुठे आहे हे त्याला महिनाभर कळलं नव्हतं.

सिमेंट खरंच आलं. दोन पोती ट्रकवाल्याने ओसरीवर टाकली. आणि ट्रकचा धुरळा खाली बसायच्या आत लोआता आली.

लोआता अपाकुकीच्या मामाची मुलगी. मामाच्या मुलीशी आमच्याकडे थट्टेचंच नातं, तिथे जिभेला हाड नसलं तरी चालतं. लहानपणापासून ती त्याला ‘माझा टाकलेला नवरा’ म्हणायची आणि तो तिला ‘मामाचं कर्ज’ म्हणायचा. पण त्या दिवशी ती थट्टा करायला आली नव्हती. दुखवट्याच्या काळ्या कपड्यांत होती. ओसरीच्या खालच्या पायरीशी बसली, यांगोनाची जुडी पुढे ठेवली, हात पोकळ करून टाळी वाजवली. लोआता गंभीर झालेली त्याने फारदा पाहिली नव्हती.

“केरेकेरे, अपा. नेमानीची कबर अजून मातीची आहे. शंभरावी रात्र तोंडावर आली. बोट बिघडलीय, दुकानात सिमेंट नाही. शेवटची दोन पोती तुझ्याकडे आली. पाऊस पडला की माझ्या नवऱ्याची माती वाहते, मी रोज जाऊन परत लोटते. मला...”

“घेऊन जा,” अपाकुकी म्हणाला.

“पुरतं मागू तरी दे की रे!”

“घेऊन जा म्हटलं ना.”

तेव्हा त्याला उनाईसी आठवली नव्हती असं नाही. आठवली. लोआता ‘केरेकेरे’ म्हणाली त्याच क्षणी आठवली. पण समोर पावसात वाहणाऱ्या नवऱ्याला हाताने लोटून ठेवणारी बाई बसलेली, तिला माझ्या पायाखाली खड्डा आहे म्हणून सांगायचं? त्याची जीभ उचललीच नाही. पोती गेली. ओसरीवर सिमेंटच्या भुकटीचे दोन चौकोन तेवढे राहिले.

आणि मग ते दिवस आले, ज्यांच्याबद्दल अपाकुकी नंतर कुणाशी फारसं बोलला नाही.

खड्ड्याची त्याला सवय झाली. पहिल्यांदा तो कडेकडेने जायचा. मग दुपारी चटई कडेलाच ओढून निजू लागला, एक हात खाली सोडून. कोब्याखालची माती काळी होती, थंड होती, आणि तिला वास होता. तो वास त्याने ओळखला. इथे या जागी आधी त्याच्या आईचं गवताचं घर होतं. खाली तुडवलेली माती, तिच्यावर सुकं गवत, त्यावर चटया. निजलं की गवत कुरकुरायचं. सिमेंटचं घर आलं तेव्हा सगळे म्हणाले, सुटलात. तोही म्हणाला. पण आईची जमीन कुठे गेली नव्हती. ती इतकी वर्षं खालीच होती, अंग चोरून, वरच्या माणसांची पावलं ऐकत.

हात फिरवता फिरवता त्याला तीन काळे दगड लागले, चुलीचे. त्यांच्यावरची काजळी अजून बोटाला लागत होती. अपाकुकीने बोट नाकाशी नेलं, डोळे मिटले, आणि घर हळूहळू हललं. खरंच हललं, असं त्याला वाटलं. छपराचा पत्रा गेला, गवत आलं. भिंती पातळ झाल्या. बाहेर कुणी कंद सोलत होतं, शिंपल्याचा सालीवर खर्र खर्र आवाज येत होता. सेरेइमा आईला काहीतरी विचारत होती, आणि आई हसत होती. या दोघी आयुष्यात कधी भेटल्या नव्हत्या. आई लग्नाच्या आधीच गेली होती. पण मातीला त्याचं काय? तिच्यापाशी दोघीही होत्या. अपाकुकी निजल्या निजल्या ऐकत राहिला. मध्येच एक जमिनीवरचा खेकडा खड्ड्याच्या कोपऱ्यातून वर आला, डोळे ताठ करून त्याच्याकडे पाहिलं आणि आपलं काही नाही असं ठरवून परत आत गेला.

जागा असायचा तेव्हा तो वाळू धूत असे. सिमेंट नव्हतं, पण वाळू तरी तयार ठेवावी. किनाऱ्यावरून टोपली आणायची, ओढ्यात बसायचं, पाणी घालायचं, ढवळायचं, पाणी ओतायचं. चिमूट जिभेवर ठेवून पाहायची. खारट लागली की पुन्हा. पाण्यात वाळू फिरताना तिच्यात बारीक सोनेरी कण चमकायचे आणि बघता बघता दुपार कलायची. ‘ही तीच वाळू असेल का,’ त्याच्या मनात यायचं, ‘सेरेइमाच्या टोपलीतून सांडलेली?’ मग तो आपलाच आपल्याला हसायचा, पण ती चिमूट टाकून न देता परत टोपलीत घालायचा.

लोआता ओढ्यावर कपडे धुवायला यायची. कबर बांधून झाल्यापासून तिची जीभ पूर्ववत झाली होती.

“काय रे, भात किती जणांचा घातलायस? धुऊन धुऊन मऊ होईल तो.”

“तुझ्या बापाला विचार. त्याने मला बायको दिली असती तर तिने धुतला असता.”

“माझ्या बापाला डोळे होते म्हणून वाचले मी! खड्ड्यात राहणारा नवरा मिळाला असता.” मग ती थांबली आणि पिळलेला कपडा तसाच हातात धरून म्हणाली, “अपा, उनाईसी तुला नेणार म्हणते. खरं का?”

“कोबा झाला नाही तर.”

“आणि सिमेंट मी नेलं.”

“तू कुठे नेलंस? मी दिलं.”

लोआताने पिळलेला कपडा पुन्हा पाण्यात बुडवला आणि पुन्हा पिळला.

बोट दुरुस्त होऊन आली ती शंभराव्या रात्रीच्या आदल्या दिवशी. उनाईसी उतरली, दोन्ही हातांत पिशव्या, डोळ्यांवर काळा चष्मा. रीतीप्रमाणे आधी नेमानीच्या कबरीवर गेली, रडली. डोळे पुसले, कबरीच्या गुळगुळीत राखाडी कडेवरून हात फिरवला आणि तो तिथेच थांबला.

“नेई,” म्हणजे आत्या, अशी हाक मारून ती लोआताला म्हणाली, “सिमेंट कुठून आणलंस?”

लोआताने मान फिरवली. उनाईसीला पुढे विचारावं लागलं नाही. बापाला ती काही आज ओळखत नव्हती.

घरी येऊन ती दारातच उभी राहिली. अपाकुकी खड्ड्यापलीकडे बसला होता, चहाची किटली घेऊन. लिंबाच्या पानांचा चहा, तिला आवडायचा तसा.

“माझं सिमेंट छान बसलंय रे ता. कबर सुंदर दिसते.”

“चहा घे.”

“नेमानीकाका मेलाय, ता! त्याला काय घाई होती? तू जिवंत आहेस!” ती ओरडली, आणि मग ओरडता ओरडताच तिचा आवाज फुटला. “तिकडे मी दुसऱ्यांचे बाप न्हाऊ घालते. त्यांची नखं काढते, त्यांना भरवते. आणि माझा बाप इथं खड्ड्याच्या काठावर एकटा बसलाय. रोज रात्री मला वाटतं, आज पडला असेल. आज पडला असेल.”

लेक घाबरते हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्याला वाटायचं, ती रागावते. त्याने चहा ओतला आणि पेला खड्ड्यावरून तिच्याकडे पुढे केला. तिने चष्मा काढला, पेला घेतला, अलीकडच्या काठावर बसली. दोघांचे पाय आत लोंबकळत होते. थोड्या वेळाने तिने पायाच्या अंगठ्याने माती चाचपली आणि विचारलं, “हे दगड कसले?”

“तुझ्या आजीची चूल.”

तिने अंगठा पटकन मागे घेतला, मग हळूच परत ठेवला.

शंभरावी रात्र झाली. डुकराचं मांस, डालो, नारळाच्या दुधातला मासा, भजनं, सगळं साग्रसंगीत झालं. लोआताने काळे कपडे उतरवले. आणि दुसऱ्या सकाळी ती रंगीत फुलाफुलांच्या झग्यात, दिराकडून हातगाडी ढकलवत अपाकुकीच्या दाराशी आली. गाडीत सिमेंटची दोन पोती होती. उनाईसी आली त्याच बोटीने आलेली.

“परत करायला आणलंस होय?” अपाकुकीने विचारलं. दिलेलं परत येणं त्याला मुळीच रुचलं नाही.

“परत कसलं? तुझी ती कबरीत गेली, ती उकरू का? ही माझी आहेत. घे मुकाट्याने, मामाच्या मुलीचा हुंडा समज. उशीर झालाय खरा.”

मग बापलेक कामाला लागली. उनाईसीने तिकडचा नीटनेटका शर्ट काढून बापाचा फाटका चढवला. अपाकुकीने फुटलेल्या कोब्याच्या कडा छिन्नीने खरवडल्या, म्हणजे नव्या मालाने धरावं. धुरळा झाडला, कडांना पाणी पाजलं, त्यांना सिमेंटची पातळ राबडी फासली. चुलीचे दगड त्याने काढले नाहीत. नवा नळ दगडांना लागू नये एवढी माती मध्ये घातली आणि धुमसाने सगळं चोपलं. खेकड्याला उनाईसीने काडीने वर काढलं आणि दाराबाहेर सोडलं. तो तिरपा तिरपा चालत गेला, एकदाही मागे न बघता. लेक माल कालवत होती. माणसं उचलायची सवय असलेले तिचे दंड. फावडं तिच्या हातात हलकं वाटत होतं.

“पाणी कमी घाल.”

“कमीच आहे.”

“कमीहून कमी.”

“ता, इतकं सांगतोस तर तेव्हा का नाही सांगितलंस, वाळू समुद्राची घेऊ नका म्हणून?”

“तेव्हा तुझ्या आईकडे बघत होतो.”

उनाईसी हसली. घमेल्यामागून घमेलं पडत गेलं, खड्डा भरत गेला. अपाकुकीने फळीने माल सपाट ओढला, लाकडी रंधा फिरवला, मग पत्र्याच्या थापीने घोटायला लागला. घोटताना त्याचा हात इतका सावकाश फिरत होता की उनाईसी बघत बघत पेंगुळली. जुना कोबा काळपट, नवा ओला आणि गडद. मधली रेघ दिसत होतीच, आणि ती पुसायची त्याला इच्छा नव्हती.

घरात पाय टाकायला जागा नव्हती, म्हणून दोघं लोआताकडे झोपली. सकाळी लौकर परत आली. रात्रीतून कोबा वरून धरला होता, फिकट होत चालला होता. दोघं उंबऱ्यावर बसली. समुद्र शांत होता, कुणाच्या तरी चुलीचा धूर तिरपा चढत होता, आणि ओल्या सिमेंटचा वास सगळ्या घरात भरला होता.

 मग उनाईसी उंबऱ्यावरून खाली उतरली, पायरीवर बसली, बापाच्या पायांपेक्षा खाली. हात पोकळ करून टाळी वाजवली.

“कोबा झाला, माझा शब्द संपला,” ती म्हणाली. “आता भांडत नाही. आता मागते. केरेकेरे, ता. चल माझ्याबरोबर. मला तू हवायस.”

डोंगरावरून पाखरं ओरडत गेली. अपाकुकी लेकीच्या वाकलेल्या मानेकडे बघत राहिला. तिच्या मानेवर सिमेंटचा एक सुकलेला शिंतोडा होता. आयुष्यात त्याच्याकडे जे जे मागितलं गेलं, ते त्याने उचलून दिलं होतं, आणि हिच्याइतकं प्रेमाने कुणीच मागितलं नव्हतं. ती मागत होती ते द्यायला त्याचा जीव तुटत होता, पण ते द्यायचं तर पायाखालची ही जमीन सोडावी लागणार होती.

“कोब्याला पाणी मारायला हवं,” तो अखेर म्हणाला. “आठ-पंधरा दिवस. नाहीतर तडे जातील.”

“बरं. पंधरा दिवस थांबते. मग?”

“मग वरचा डालो काढायला होईल.”

“मग?”

“मग नवा लावायला नको का? मग पाऊस. मग छपराला रंग...” त्याने लेकीच्या मानेवरचा शिंतोडा नखाने काढला. “मलुआ, बाय. मलुआ.”

मलुआ म्हणजे सावकाश. मागाहून. कुठे पळून जातंय का. आमच्या बेटांवर मागितलेलं नाकारायला शब्दच नाही, म्हणून लोक हा वापरतात, आणि तो ऐकला की मागणारा उठतो, पुन्हा मागत नाही, रागही धरत नाही. अख्ख्या गावाने हा शब्द अपाकुकीला हजार वेळा ऐकवला होता. त्याच्या तोंडून तो कुणी कधी ऐकला नव्हता.

उनाईसीने मान वर केली. परदेशात कितीही वर्षं काढली तरी ती इथली होती, तिला फोड करून सांगावं लागलं नाही. तिचे डोळे भरून आले, खालचा ओठ लहानपणीसारखा पुढे आला आणि थरथरला.

“शिकलास म्हणायचं,” ती म्हणाली. “आणि शिकलास तो माझ्यावरच.”

“तुझ्यावरच,” अपाकुकी म्हणाला. त्याच्याही गालावरून पाणी ओघळत होतं, आणि त्याने ते पुसलं नाही.

मग ती उठली, ओसरीवरची सिमेंटची रिकामी पोती झटकली, नळाखाली धरून चिंब भिजवली आणि कोब्यावर पसरायला उंबऱ्यातून आत वाकली. पलीकडच्या कडेपर्यंत हात पोचेना. तेव्हा अपाकुकीने तिचा दुसरा हात घट्ट धरला, आणि ती त्याच्या भरवशावर आणखी पुढे झुकली.